सत्तर वावांची वाट

१

विहिरीची खोली आमच्याकडे पायांना कळते. यात नवल ते काय? मोटेचा दोर चाकावरून येऊन सांडणीच्या खोगिराला बांधलेला असतो. सांडणी विहिरीपासून दूर जाते, तसतशी मोट वर येते. विहीर सत्तर वाव, म्हणजे दोन हात पसरून मोजलेली सत्तर मापं, खोल असेल तर सांडणीलाही सत्तर वाव चालावं लागतं, आणि तिचा कासरा धरून चालणारीलाही. ती चालणारी मी. सहा वर्षं, रोज तीसएक खेपा. विहिरीत मी कधी उतरले नव्हते, पण तिची सगळी खोली मी आडवी चालून काढली होती.

विहिरीचं नावच येतमिश. येतमिश म्हणजे सत्तर. काराकुमच्या वाळूत नावं अशीच ठेवतात, उगाच फुलापानांची नावं ठेवून तहानलेल्याला काय कळणार? अंतराचंही तसंच. पुढची विहीर कुठे म्हणून विचारलंत, तर कुणी म्हणेल शिंगरू एका दमात धावेल तेवढ्यावर, कुणी म्हणेल मांस शिजेपर्यंत पोचाल. एकदा शहरातून एक इंजिनिअर आला होता, लोखंडी पट्टी घेऊन. सगळी सकाळ तो काठावर पोटावर पडून पट्टी सोडत होता. आमच्या उस्तांनी चहा संपवला, पेला पालथा घातला, काठाशी जाऊन "होऽ" केलं आणि कान लावला. म्हणाले, "सत्तरला वीतभर कमी. तुमच्या मीटरात काय बसतं ते तुम्ही बघा." दुपारी पट्टी वर आली, तर वीतभरच कमी! इंजिनिअरने टोपी काढून डोकं खाजवलं. मी तंबूच्या आड उभी होते, हसून हसून माझं पोट दुखलं.

उस्ता म्हणजे माझे मालक. नवऱ्याचं नाव आम्ही घेत नाही, पण तुम्हाला सांगायचं तर घ्यायला हवं, ओवेझ. विहिरी खणायच्या, गाळ उपसायचा, हे त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना उस्ता म्हणत, मग मीही. असा कान मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. लांबून हाक आली की हाक मारणारा किती वाव लांब, आणि वाऱ्याच्या तोंडाला आहे की पाठीला, हे ते भाकरी मोडता मोडता सांगायचे. मला त्यांचा फार अभिमान. आजही आहे.

तिसरे सापार आगा, माझे सासरे. विहिरीच्या तोंडाशी बसून ते आलेली मोट ओढून घेत आणि "आलीऽ" अशी हाळी देत. हाळी आली की मी सांडणी थांबवायची. सुनेनं सासऱ्यापुढे डोईच्या रुमालाचं टोक दातात धरायचं आणि एक शब्द बोलायचा नाही, हा आमचा रिवाज, त्याला यशमक म्हणतात. सहा वर्षांत माझा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. म्हातारा मात्र भारी मिश्कील. मला सांगायचं ते सांडणीला सांगायचा. "अकमाये, तुझ्या मालकिणीला विचार, आजची भाकरी खायची आहे की तिच्यावर कुऱ्हाड पाजळायची आहे?" मी तोंड दाबून हसायची, आणि अकमाया बिचारी आळीपाळीने दोघांकडे बघायची.

२

सांडणीच्या चालायच्या वाटेला आपण धाव म्हणू. आमच्या धावेच्या टोकाला साक्सौलच्या लाकडाचा एक खांब पुरलेला होता. अकमाया तिथे पोचली की आपण होऊन थांबायची, हाळीची वाटही बघायची नाही. विहिरीपासून खांबापर्यंत माझी एकशे ऐंशी पावलं.

त्या वर्षी उन्हाळा सरत आलेला. एका सकाळी ती थांबली नाही. खांब मागे टाकून तीन पावलं गेली, आणि मग हाळी आली.

मी म्हटलं, गोमाशी चावली असेल. पुढच्या खेपेला मी कासरा खेचून तिला खांबाशी उभी केली. हाळी येईना. सासरे वाकून आत बघतायत आणि मोट अजून आतच. तीन पावलं पुढे नेली तेव्हा कुठे "आलीऽ".

नवा दोर ताणतो, हे मला ठाऊक होतं. तीन पावलं ताणला असेल म्हणून मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी अकरा पावलं झाली. तिसऱ्या दिवशी सव्वीस.

मी शाळा शिकलेली नाही, पण एवढं मला कळतं. मोट तळाशी असते तेव्हा दोराचं एक टोक मोटेला आणि दुसरं विहिरीच्या तोंडाशी उभ्या सांडणीला. म्हणजे दोर विहिरीएवढाच. मोट वर येईपर्यंत सांडणी त्या दोराएवढीच लांब जाणार, जास्त कशी जाईल? मग ही सव्वीस पावलं कुठल्या दोराची? दिवसभर मी हेच घोळवत चालत होते, आणि उत्तर काही सापडेना.

३

संध्याकाळी चहाला बसलो. आमच्यात ज्याची त्याची किटली वेगळी. त्यांनी आपल्या किटलीतून पेल्यात ओतलं, परत किटलीत ओतलं, असं तीनदा केलं.

"उस्ता, धाव वाढलीय."

"तुझे पाय आखडले असतील."

"थट्टा नको. सव्वीस पावलं वाढलीय."

त्यांनी किटली बाजूला सारली. मग पेला खाली ठेवला. "तुझ्या पायांवर मी कधी शंका घेतलेली नाही," ते म्हणाले आणि उठून दोर मोजायला लागले. हात पसरून, छातीवरून, एकेक वाव. एकाहत्तर भरला, गाठीचा एक धरून. मग विहिरीत "होऽ" केलं. सत्तर. मग खांबाच्या बुडाशी खणून पाहिलं, खांब जिथल्या तिथे, जन्मापासून तिथेच उगवल्यासारखा.

"खांबाच्या पुढे काय आहे?" त्यांनी विचारलं.

मला सांगायची लाज वाटत होती. "गार आहे."

"थंडी यायला लागलीय."

"उस्ता, दुपारी. दुपारी पाय भाजत नाहीत तिथे. आणि वास येतो. ओल्या मातीचा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते माझ्याबरोबर आले. खांबाच्या पुढे धाव एका टेकाडाआड उतरते, तिथून विहीर दिसत नाही. आणि बघते तर वाळू कोरडी ठणठणीत, तापलेली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ते हसले नाहीत. सव्वीस पावलं चालून थांबले. समोर एका मुक्कामाच्या अंतरापर्यंत नुसती सपाट वाळू, झुडूपसुद्धा नाही. तिकडे तोंड करून त्यांनी "होऽ" केलं.

मोकळ्या वाळूत हाक जाते आणि विरते. ही परत आली. घुमून आली, विहिरीतून येते तशी.

त्यांनी मान कलती केली. पुन्हा "होऽ" केलं. पुन्हा आली. त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला.

"किती?" मी विचारलं.

"वारा आहे," ते म्हणाले.

वारा नव्हता.

४

तिथून काढता पाय घ्यायचा, एवढंच खरं तर करायचं होतं. पण मेंढरं निघालेली. मेंढपाळांचा निरोप आला होता, दोन हजार डोकी, तीन दिवसांत येतमिशला पोचतील. मध्ये पाणी नाही, पुढेही दोन दिवस नाही. आणि आमच्या तळाशी गाळ साठलेला, मोट अर्धीच भरून येत होती. कुणीतरी उतरून तो काढायलाच हवा होता. कुणीतरी म्हणजे कोण ते वेगळं सांगायला नको.

"नका उतरू," मी म्हटलं.

"आणि दोन हजार जिवांना काय सांगू? उस्ताच्या बायकोचे पाय गार पडतात म्हणून?"

"सांगा."

"अगं, खाली मला काही होत नाही. खाली सगळं माझ्या ओळखीचं आहे." ते काठी दोराला बांधत होते. तिच्यावर बसून उतरायचं आणि तिच्यावरच बसून वर यायचं. "मला काळजी आहे ती तुझी. नीट ऐक. गाळाच्या मोटा झाल्या की मी काठीवर बसेन आणि तीन हिसके देईन. मग चालायचं. हाळी येईपर्यंत चालायचं, कितीही लांब जावं लागो. थांबलीस तर मी मध्येच लोंबकळेन. वळलीस तर मी तळाला जाईन. कळलं?"

"आणि हाळी आलीच नाही तर?"

"बाबा आहेत की तिथे. येईल."

ते उतरले तेव्हा सकाळचं ऊन नुकतं टेकाडावर आलं होतं. मी अकमायाला उलटं चालवत विहिरीकडे आणलं, ते हळूहळू खाली गेले. उतरताना बरोबर एकशे ऐंशी पावलं झाली, एकही जास्त नाही.

५

गाळाची पहिली मोट वर यायला खांबापुढे चाळीस पावलं लागली. पाचवीला सत्तर. दहावीला शंभराच्या वर. आणि आता तिथे खरंच गार होतं.

सासऱ्यांची नजर अधू, त्यांना खांबसुद्धा धूसर दिसायचा, टेकाडापलीकडचं तर सोडाच. मोट यायला उशीर होतोय एवढंच त्यांना कळत होतं, आणि गाळ जड असतो. दहाव्या मोटेनंतर मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. रुमालाचं टोक दातात. धावेकडे बोट केलं, हात पसरले, अजून पसरले.

त्यांनी डोळे बारीक केले. मग सांडणीला म्हणाले, "अकमाये, तुझी मालकीण म्हणते, आभाळ केवढं मोठं आहे. मला माहीत आहे म्हणावं. दमली असेल तर घटकाभर टेकायला सांग."

शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. 'बाबा, त्यांना वर काढू नका, आधी तिकडे येऊन बघा.' एवढं बोलले असते तर त्यांनी खाली ओरडून सांगितलं असतं, माणसं बोलावली असती, सांडणीऐवजी हातांनी दोर ओढला असता. मी बोलले नाही. सहा वर्षांची सवय, आणि कसली ती मेली लाज! रुमालाचं टोक तोंडात भिजून चिंब झालं आणि मी ते तसंच धरून ठेवलं.

तेवढ्यात दोराला तीन हिसके बसले.

"चल," सासरे सांडणीला म्हणाले. "माझा लेक यायला निघाला."

६

खांब मागे पडला. मी मोजत होते. दोनशे. अडीचशे. टेकाड मागे गेलं. सूर्य डोक्यावर होता, पण माझी सावली पायाशी नव्हती, कुठेच नव्हती. तीनशेला वाळू घट्ट झाली, मग ओली. अकमायाचे पाय चपक चपक वाजायला लागले.

मी स्वतःला समजावत होते. सकाळपासून पोटात काही नाही. मान खाली घालून उन्हात चाललं की डोळ्यांपुढे अंधारतं, कुणाच्याही अंधारतं. "चल गं बाई," मी अकमायाला म्हटलं, आणि माझाच आवाज दोन्ही अंगांना लगेच कशावर तरी आपटला. मी हात लांब केला. हाताला काही लागलं नाही. पुन्हा करायचा धीर झाला नाही, कारण या खेपेला लागलं असतं.

दोर खोगिरावर करकरत होता. ताठ होता. ताठ आहे तोवर ते त्याच्या टोकाला आहेत, एवढंच मी मनात घोकत होते. पुढे मोजायचं मी सोडून दिलं.

मग सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. त्यांना सवयच होती, मोट यायच्या वेळी खोकायची. खोकला मागून यायला हवा होता. तो वरून आला.

मी मान वळवली.

मागे वाट होती, पण आडवी नव्हती. वर, खूप वर, भाकरीएवढं पांढरं वाटोळं होतं. माझ्या सांडणीच्या पाठीवरून निघालेला दोर सरळ त्याच्यात गेला होता. आणि त्या पांढऱ्यावर दोन तळवे होते, चिखलाचे, हलके हलके झुलणारे. डाव्या टाचेची भेग मी रोज चरबी लावून भरायची. मी माझ्या माणसाचे तळवे खालून बघत होते.

मी थांबले. तळवेही थांबले, आणि तिथेच झुलत राहिले.

मला काय वाटलं ते सांगते. भीती वाटली, पण ती नंतर. आधी वाटलं, अजून थोडेच वाव उरलेत. बारा-पंधरा पावलं चालले की हा माणूस उजेडात जाईल. मला दुसरं काहीएक नको होतं. मी तोंड फिरवलं, रडत रडत कासरा ओढला आणि जिकडे काळोख होता तिकडे अकमायाला नेलं. पाणी घोट्याला लागलं. मग पोटऱ्यांना. इतकं गार पाणी मी त्या विहिरीतून कधी प्यायले नव्हते.

"आलाऽ," वरून आलं, अगदी बारीक.

७

अकमाया वळेना. वळायला बाजूच नव्हती, डावी ना उजवी. ती नुसती थरथरत उभी होती. मी रुमाल तोंडातून काढला.

"बाबाऽ! बाबा, मी इथे आहे!"

मग त्यांचा आवाज आला, माझ्या मालकांचा. "ओगुलसोनाऽ!" बापासमोर त्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. "बोलत राहा!"

"काय बोलू?"

"काहीही! बोल!"

मी तोंडाला येईल ते बोलले. तंदूर तापवून ठेवलाय, भाकऱ्या लावायच्या राहिल्यात. तुमच्या सदऱ्याची बाही उसवलीय, परवापासून म्हणतेय मी. मेंढपाळ आले की त्यांना उंटिणीचं ताक लागेल, ते कुणी केलंय? वरून काही उत्तर नव्हतं. पण ते कान देऊन असतात तेव्हाची त्यांची चुप्पी मला कळते. ते मला मोजत होते.

"आता डोळे मीट," आवाज आला. "वर-खाली काही नाही, विसरून जा. ती धाव सपाट आहे, तू सहा वर्षं चालतेस. डोळ्यांचं ऐकू नको, पायांचं ऐक. सांडणीच्या डोळ्यांवर रुमाल टाक. माझा आवाज आहे तिकडे ये. दुसरी दिशाच नाही असं समज."

रुमाल मी अकमायाच्या डोळ्यांवर बांधला. डोळे मिटले, कासरा फिरवला, या खेपेला ती वळली, आणि पाऊल टाकलं. खाली वाट होती. सपाट होती. ते "होऽ" म्हणत होते, थांबत होते, पुन्हा "होऽ" म्हणत होते. मी मोजत चालले. पाणी आधी घोट्यापर्यंत उतरलं, मग नुसतं पाठीमागे हलत राहिलं. मी पाऊल टाकलं की ते हले, मी थांबले की थांबे. मी पुन्हा थांबले नाही. चारशे बाराव्या पावलाला चिखलाने भरलेल्या एका हाताने माझं मनगट पकडलं.

डोळे उघडले तर मी विहिरीच्या तोंडाशी, टळटळीत दुपार. खांब आपल्या जागी. मागे धाव सरळ, कोरडी, नेहमीएवढी. फक्त अकमायाचे पाय आणि माझ्या पोटऱ्या ओल्या होत्या आणि तिच्या पायांना निळसर गाळ होता, तळाचा.

उघड्या डोक्याने, उघड्या तोंडाने मी सासऱ्यांसमोर उभी होते. त्यांनी सांडणीच्या मानेला धरलं. मग तिला म्हणाले, "अकमाये, सूनबाईला म्हणावं... गोड आवाज आहे हो तिचा." आणि म्हातारा हमसून हमसून रडायला लागला.

८

मेंढरं आली, दोन हजारच्या दोन हजार प्यायली. नंतर आम्ही येतमिश सोडली. आता कालव्याकाठी घर आहे, अंगणात नळ आहे. सासरे जाईपर्यंत आम्ही दोघं पोटभर बोललो, रिवाजाची कुणी आठवण काढली नाही. उस्ता म्हातारे झालेत, पण कान तसाच. विहिरीचं काही अडलं तर अजून लांबलांबून माणसं त्यांना विचारायला येतात, आणि ते भाकरी मोडता मोडता सांगतात.

एकच गोष्ट आहे. दुपारी आम्ही चहाला समोरासमोर बसतो, मध्ये दोन किटल्या. मला हाक मारायची झाली की ते जरासे पुढे वाकतात, दोन्ही हात तोंडाभोवती धरतात आणि मोठ्याने ओरडतात, "ओगुलसोनाऽ!" नातवंडं हसून लोळतात. "आजोबा, आजी काही बहिरी नाही!" मी म्हणते, "काय हो?" मग ते थांबतात. मान कलती करून. पेला भरायला लागतो तेवढा वेळ. मग त्यांचा चेहरा सुटतो, माझं बोलणं पोचलेलं असतं. पोरांच्या ते लक्षात येत नाही. माझे पाय मात्र अजून त्या पाण्याइतके गार, उन्हाळ्यातही मी लोकरीचे मोजे घालते.

एकदा नातवंडं बाहेर गेल्यावर मी विचारलंच. "उस्ता, किती वाव?"

जगातल्या कुठल्याही विहिरीचं उत्तर ज्याच्याकडे तयार, तो माझा माणूस किटलीकडे बघत बसला. मग किटल्या बाजूला सारून त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी धरला, घट्ट, अगदी दुखेपर्यंत.

"तू बोलत राहा," ते म्हणाले.

म्हणून मी बोलत असते.